होडीवरील सावली

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही शिक्षणावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आमची हयात मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर प्राथमिक शाळेतील मुलांपुढे गेली. त्यामुळे ती अपेक्षा रास्तच होय. परंतु आज आम्ही लहान होडीवर उन्हासाठी घालावयाच्या छताविषयी बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. तो तसा का नाही, हे कळण्यासाठी आमच्या घरची हकीकत सांगणे भाग आहे.

आमच्या थोरल्या बंधूंनी तीस वर्षे होडी चालविली. त्यांच्या घामावर आम्ही मॅट्रिक झालो. उतारवयात दादांना ऊन सोसेनासे झाले. एके वर्षी फाल्गुनात त्यांनी होडीत दोन बांबू उभे केले आणि वहिनींचे जुने लुगडे त्यांवर ताणून बांधले. होडी पाण्यात लोटताना कोणी तरी ओरडले, "लग्नाचो मांडव खंय चललो?" सारा किनारा हसला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. दुसऱ्या दिवशी लुगडे निघाले. त्याच वैशाखात, वारा पडलेल्या एका दुपारी, जाळे ओढता ओढता दादा असंबद्ध बोलू लागले. अंग तापून निघाले. सोबत्याने घाईने होडी किनाऱ्यास लावली. पण तिसऱ्या दिवशी दादा गेले. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. त्या लुगड्याने दादा खात्रीने वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. ते लुगडे आमच्या हसण्याने उतरले, एवढे मात्र खरे.

आपल्या लोकांत एक समजूत रुजलेली आहे. "दर्यात जाणाऱ्याक सावली कित्याक व्हयी?" असे आपण अभिमानाने विचारतो. वादळात जो डगमगत नाही, त्याने उन्हाला भ्यावे काय, असा त्यामागील भाव असतो. परंतु ऊन हे धैर्याची परीक्षा घेत नाही. ते शरीरातील पाणी घेते. घाम पुष्कळ जाऊन पाणी पोटात गेले नाही, म्हणजे डोके दुखते, चक्कर येते, पायांत गोळे येतात. त्यानंतर अंगाची उष्णता ४० अंश सेल्सिअसच्या वर गेली व मनुष्य बरळू लागला, तर ती प्राणावरची वेळ समजावी. अशा माणसास सावलीत निजवावे, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि त्वरित दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये.

दुसरी हानी डोळ्यांची. आपल्या म्हाताऱ्या तांडेलांपैकी काहींच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने मांसाचा पडदा बुबुळाकडे सरकत आलेला आपण पाहिला असेल. वर्षानुवर्षांचे ऊन व वारा हे त्याचे मोठे कारण आहे. मोतीबिंदूलाही प्रखर ऊन हातभार लावते. ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. छत घातले तरी आकाशात विखुरलेले व पाण्यावरून परतलेले किरण बाजूंनी येतातच. म्हणून छताखालीही रुंद काठाची टोपी व लांब बाह्यांचा सदरा हवाच.

आता ह्या हकीकतीचा उत्तरार्ध. दादांच्या मागे आमच्या पुतण्याने होडी हाती घेतली. बापाच्या दुःखाने त्याने असे छत केले की ते कधीच उतरू नये. चार लोखंडी खांब होडीत घट्ट बसविले, वर निळी ताडपत्री तारेने आवळली आणि उन्हाच्या बाजूस तिचा पडदाही सोडला. एक इंची लोखंडी नळी मीटरला सुमारे अडीच किलो भरते. त्यास दहा मीटर लागली. म्हणजे पंचवीस किलो वजन त्याने होडीच्या डोक्यावर चढविले. होडीला वजन तळाशी मानवते, वर मानवत नाही. मे महिन्यात वळवाचा वारा अचानक सुटला, ताडपत्री शिडासारखी फुगली आणि होडी एका कडेवर कलली. तार हाताने सुटेना. शेवटी त्याने सुरीने ताडपत्रीच फाडली, तेव्हा होडी सावरली. जाळे गेले, मुलगा राहिला.

त्या रात्री आम्ही त्याच्यापुढे पाटी घेऊन बसलो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोर उभ्या असलेल्या एक चौरस मीटर कापडावर सुमारे सहा किलो वजनाइतका रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद ताडपत्री, म्हणजे तीन चौरस मीटर, ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यासमोर उभी राहिली, तर बहात्तर किलो होतात. एक धडधाकट माणूस छतावर चढून होडी बाजूस ओढतो आहे, असे समजावे. हा हिशेब चौथीच्या पुढचा नाही. पण तो आमच्या घरी आधी कोणी मांडला नव्हता, आणि घरात शिक्षक असून मांडला नव्हता, हा दोष आमचा.

ह्या दोन अनुभवांतून आम्ही एक नियम काढला आहे. होडीवरची सावली अशी असावी की ती बसल्या जागेवरून, एका हाताने, एका क्षणात उतरावी. बाकी सारे ह्या नियमाच्या पोटात येते.

घरी करावयाचे तर बांबू उत्तम. तो हलका आहे व तुटला तर दुसरा मिळतो. कापड म्हणून रोपवाटिकेवर घालतात ती हिरवी जाळी चांगली. पाऊस ती अडवीत नाही, परंतु बरेच ऊन अडविते आणि वारा काही अंशी आरपार जाऊ देते. ताडपत्री घ्यावयाची तर फिक्या रंगाची घ्यावी, बाजूंना पडदे सोडू नयेत, आणि उन्हाने ती कडक होऊन तडकू लागली की बदलावी. सुती कापड ओले गुंडाळून ठेवल्यास कुजते. बांधणी तारेची नसावी. एका ओढीने सुटणारी गाठ मारावी आणि सुरी नेहमी हाताशी असावी.

विकत मिळणारी घडीची छते तीन-चार कमानींची असतात व पुढून-मागून पट्ट्यांनी ताणलेली असतात. पट्टे सोडले की छत्रीसारखी मिटून मागे पडतात. ती घेताना होडीची रुंदी काठापासून काठापर्यंत मोजून न्यावी. कमानी अॅल्युमिनियमच्या वा उत्तम प्रतीच्या न गंजणाऱ्या पोलादाच्या असाव्यात. अॅल्युमिनियमला साध्या लोखंडाचे खिळे-बोल्ट लावू नयेत, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांस लागले की त्यांतील एक लवकर झिजतो.

छत विकतचे असो वा घरचे, ते यंत्राजवळ बसणाऱ्याच्या डोक्यावर व मासळीवर यावे, जाळे ओढण्याची जागा मोकळी राहावी आणि सुकाणू धरणाऱ्यास समोरचे पाणी दिसावे. सावलीत मासळीवरचे बर्फही अधिक टिकते, हा लाभ वेगळाच. आभाळ भरू लागले की प्रथम छत उतरावे. इशाऱ्याच्या दिवशी तर दर्यात जाऊच नये व नांगरलेल्या होडीवरही छत ठेवू नये. २००९ चे फयान आणि २०२१ चे तौक्ते आपण विसरलेलो नाही.

आमच्या पुतण्याच्या होडीवर आज बांबूचे व जाळीचे छत आहे. ते उतरविण्यास त्यास दहा आकडे मोजण्याइतकाही वेळ लागत नाही. आम्ही स्वतः मोजून पाहिले आहे.

मंडळास आमची नम्र सूचना अशी की, १ जून ते ३१ जुलै ह्या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा एखादा दिवस ठरवून जाणत्या मंडळींनी तरुणांना असे छत बांधून दाखवावे. ह्या कामास मोठा निधी नको. चार बांबू व थोडी दोरी पुरे. नारळी पौर्णिमेस होडीची पूजा आपण भक्तिभावाने करतो. होडीत बसणाऱ्या माणसाचीही चिंता त्याच दिवसांत वाहिली जावी.

आणि एक मागणे किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या आपणां सर्वांकडे. ह्यापुढे कोणा म्हाताऱ्याने होडीवर जुने लुगडे ताणलेले दिसले, तर हसू नका. पुढे व्हा आणि गाठ नीट बसली आहे की नाही, ते पाहा. आम्ही ते केले नाही, म्हणून आज सांगत आहो.