थळ ते थायलंड: २८५ नारळांचा बट्टा

आज पैशाचं बोलायचंय. खरं सांगायचं तर माझ्या फजितीचं. इयरफोन लावून बसमध्ये ऐकत असाल तर हसू आवरा.

जानेवारी २०२५. आईबाबांना पहिल्यांदा परदेशात न्यायचं ठरवलं. आम्ही थळचे. मांडव्याहून लाँचने गेटवे, तिथून विमानतळ, तिथून बँकॉक. बाबा रिटायर झालेले, आई घरामागची वाडी बघते. मी बीटेक, सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे पैशाचं खातं अर्थातच माझ्याकडे. "तुम्ही फक्त फिरा, बाकी माझ्यावर सोडा," असं मी ऐटीत सांगून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाजारात आईला एक रेशमी ओढणी आवडली. ९०० बाट. तेव्हा एक बाट म्हणजे साधारण अडीच रुपये. आईने विचारलं, "आपले किती?" मी म्हटलं, "सव्वादोन हजार." तिने ओढणी घडी करून परत ठेवली. "नको रे. एवढ्यात शंभरावर नारळ जातात."

आमच्या घरात हिशोब नारळात होतो. एक नारळ वीस रुपये, पाडेल्याची मजुरी वेगळी.

घरी आल्यावर मी कार्डाचं स्टेटमेंट उघडलं, आणि मला ती ओढणी आठवली. का, ते सांगतो.

हॉटेलचं बिल होतं १२,००० बाट. काउंटरवरच्या मशीनने मला विचारलं, १२,००० बाट देणार की ३१,५०० रुपये? मी रुपये दाबलं. परक्या गावात कुणी मराठीत बोलावं तसं वाटलं ना! पण गणित करा. अडीचच्या दराने ३०,००० व्हायला हवे होते. मशीनने एका बाटाला २ रुपये ६२ पैसे लावले. म्हणजे १,५०० रुपये तिथेच गेले. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, डीसीसी. दर तिकडची पेमेंट कंपनी ठरवते आणि नफ्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. वर माझ्या कार्डाने परदेशात रुपयांत व्यवहार केला म्हणून १ टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला. आणखी ३७२ रुपये.

दुसरी चूक एटीएमची. "जास्त कॅश नको बाळगायला" म्हणून मी चार वेळा दोन-दोन हजार बाट काढले. तिथलं मशीन परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट लावत होतं. चार वेळा म्हणजे २,२०० रुपये. माझ्या बँकेचे दर वेळी १५० अधिक जीएसटी, असे ७०८. शिवाय साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप आणि त्यावर जीएसटी, ९१७ रुपये.

सगळं मिळून जवळपास ५,७०० रुपये. २८५ नारळ. दोन ओढण्या घेऊनही पैसे उरले असते. आणि हे पैसे कुठल्या वस्तूवर नाही, नुसते पैसे बदलण्यावर गेले.

मी आईला सगळं दाखवलं. ती रागावली नाही. तिने एकच विचारलं, "रेट कोणी सांगितला? तू की त्याने?" नारळाचा व्यापारी दारात आला की ती हेच बघते. रेट समोरच्याने सांगितला की त्याचा फायदा त्यातच असतो.

आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे, बट्टा. एका राज्याचं नाणं दुसरीकडे चालवायचं तर सराफ कस आणि वजन बघायचा आणि आपला बट्टा कापून घ्यायचा. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमं घेऊन रायगडावर आला होता. त्यात एक मागणी होती की इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत. महाराजांच्या उत्तराचा आशय असा: कुठल्याच नाण्याला आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणं घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही, तुमचं नाणं कसाला आणि वजनाला इतरांच्या तोडीचं असेल तर खुशाल चालू दे.

बघा, साडेतीनशे वर्षांपूर्वी सुद्धा प्रश्न तोच होता. बदलताना तोटा कोणाचा? फरक इतकाच की सराफाचा बट्टा समोर दिसायचा, आताचा बट्टा दरात लपतो. मी स्वतः स्क्रीन बनवतो, कुठलं बटण मोठं ठेवायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं हे मला माहीत आहे. तरीही फसलो.

आता कामाचं. लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा.

एक. मशीनने रुपये की तिथलं चलन विचारलं तर तिथलं चलन. कायम. एटीएमवरही "कन्व्हर्जनशिवाय" हा पर्याय निवडा. काउंटरवरच्या माणसाने आपणच रुपये दाबले तर व्यवहार रद्द करून परत करायला सांगा. लाजू नका.

दोन. निघण्याआधी बँकेला विचारा, फॉरेक्स मार्कअप किती? बऱ्याच कार्डांवर २ ते ३.५ टक्के असतो, वर जीएसटी. शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात, पण त्यांची वार्षिक फी बघून घ्या. आणि ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डावर ते बंदच असतात.

तीन. एटीएममधून थोड्या वेळा, जास्त रक्कम. मी ८,००० बाट एकदाच काढले असते तर २,२०० रुपयांहून जास्त वाचले असते. क्रेडिट कार्डने कॅश काढू नका, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

चार. फॉरेक्स कार्ड चांगलं, पण जिथे जाताय तेच चलन भरा. डॉलर भरून बाटमध्ये खर्च केला तर पुन्हा चलनबदलाचा चार्ज लागतो.

पाच. थोडी रोख आपल्या शहरातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, दोन-तीन ठिकाणी दर विचारून. विमानतळावरचा काउंटर बहुतेक वेळा महाग पडतो. ५०,००० रुपयांच्या वर घ्यायचं तर पैसे बँकेतून द्यावे लागतात. पावती जपून ठेवा.

सहा. यूपीआय. भूतानमध्ये २०२१ पासून, आणि आता नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, यूएई, फ्रान्स इथल्या काही दुकानांत चालतं. पण पिन टाकण्याआधी ॲप रुपयांत किती दाखवतंय ते बघा. यूपीआय आहे म्हणजे बट्टा नाही, असं नसतं.

एवढं नाही लक्षात राहिलं तरी चालेल. आईचा प्रश्न तेवढा लक्षात ठेवा. बटण दाबण्याआधी विचारा, रेट कोणी सांगितला?

पुढची ट्रिप श्रीलंकेची ठरतेय. पैशाचं खातं या वेळी आईकडे आहे. मी फक्त बॅगा उचलणार.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!