खाऊ : लाच की मोबदला?



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. कुत्र्याला शिकवताना जो खाऊ दिला जातो, तो कोणता असावा आणि कसा द्यावा, एवढाच तो विषय. परंतु रहदारीच्या रस्त्याकडे धावत सुटलेला कुत्रा आपल्या एका हाकेसरशी मागे वळतो की नाही, यावर त्याचा जीव अवलंबून असतो. आणि हाकेसरशी वळण्याची ही सवय खाऊच्या आधाराने उत्तम प्रकारे लावता येते.

अनेकांचा आक्षेप असा, की खाऊ देऊन काम करून घेणे म्हणजे लाच देणेच होय. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. लाच आणि मोबदला यांतील भेद क्रमाचा आहे. कृती घडण्यापूर्वी जे दाखवावे लागते ती लाच; कृती घडल्यानंतर जे मिळते तो मोबदला. हातात तुकडा दिसला तरच बसणारा कुत्रा लाचेला सरावलेला असतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला शिकवलेलेच तसे असते.

या बाबतीत शास्त्र काय सांगते ते पाहू. अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवरील आपले प्रयोग १८९८ मध्ये प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेले भुकेले मांजर दोरी ओढून किंवा खटका दाबून बाहेर पडले, की त्यास खाद्य मिळे. आणि पुन:पुन्हा कोंडल्यावर सुटकेस लागणारा त्याचा वेळ कमी कमी होत जाई. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती दृढ होते, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात प्राण्यांना शिकवण्याविषयी लेख लिहिला. मोबदला कृतीनंतर तत्क्षणी मिळाला पाहिजे, यावर त्यांचा भर होता. खाद्य इतक्या चटकन देता येत नाही. म्हणून खाद्याशी सांगड घातलेला एखादा आवाज वापरावा, असा उपाय त्यांनी सुचवला. आपल्या घरी ‘शाबास’ हा एक शब्दही हे काम करतो. मात्र तो नेहमी तोच असावा, कृतीच्या क्षणीच उच्चारावा आणि त्यापाठोपाठ खाऊ द्यावा.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. ‘बस’ ही आज्ञा शिकवताना तुकडा नाकाजवळ धरून हात किंचित वर व मागे न्यावा. नाक वर जाते आणि बूड टेकते. असे चारपाच वेळा झाल्यावर तीच खूण रिकाम्या हाताने करावी व खाऊ खिशातून किंवा दुसऱ्या हातातून द्यावा. लाचेचा मोबदला होतो तो या टप्प्यावर, आणि पुष्कळ लोक नेमका हाच टप्पा गाळतात. नवी गोष्ट शिकवताना प्रत्येक वेळी खाऊ द्यावा. ती पक्की झाल्यावर कधी द्यावा, कधी केवळ कौतुक करावे. हाकेला धावून आलेल्या कुत्र्याला मात्र कधीही रागावू नये. त्याच्या लेखी ती शिक्षा आधीच्या खोडीची नसते, येण्याची असते.

खाऊची निवड स्थळ पाहून करावी. घरात, शांत वेळी, त्याच्या रोजच्या आहारातील दाणेही पुरतात. रस्त्यावर मांजरे, वाहने आणि नाना वास त्याचे चित्त वेधून घेत असतात. तेथे उकडलेल्या बिनहाडाच्या कोंबडीसारखा वासाचा खाऊ हवा. शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेले रताळे चालते. मीठमसाला नसावा. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरे. चावत बसावे लागले, की शिकण्याचा धागा तुटतो.

परिमाणाचाही विचार हवा. दिवसभरातील उष्मांकांच्या एकदशांशाहून अधिक भाग खाऊचा नसावा, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला सुमारे ६०० उष्मांक लागतात असे धरले, तर खाऊच्या वाट्याला ६० येतात. म्हणजे पनीर सुमारे वीस ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमचे तुकडे केले तर तेवढ्यात चाळीस वेळा मोबदला देता येतो. तेवढे अन्न जेवणातून वजा करावे.

काही पदार्थ मात्र प्रेमाने दिले तरी घातक ठरतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या हृदयाला व मज्जासंस्थेला बाधते. कांदा व लसूण रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. झायलिटॉल या साखरेच्या पर्यायाने रक्तातील साखर एकाएकी उतरते. द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा अभ्यासकांचा कयास २०२१ मध्ये पुढे आला. हे आम्ल चिंचेतही विपुल असते. म्हणून बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरा किंवा रश्शात बुडवलेली पोळी कुत्र्यापुढे टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे. शिजवलेली हाडेही देऊ नयेत. त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात.

कुत्र्याला आपली भाषा येत नाही. आपल्याला काय हवे आहे, हे त्याला कृतीपाठोपाठ मिळणाऱ्या फळावरूनच कळते. ते फळ योग्य क्षणी, योग्य मापाने आणि निर्धोक स्वरूपात त्याच्या मुखी पडावे, ही जबाबदारी शिकवणाऱ्याची आहे. तेवढी आपण पार पाडावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.