एकशिंग्याचे शिंग आणि नारव्हालचा दात

आर्क्टिक समुद्रात राहणाऱ्या नारव्हाल या देवमाशाच्या कुळातील प्राण्याच्या नराला वरच्या जबड्यात डावीकडे एक दात असतो, जो ओठ फोडून सरळ पुढे वाढतो आणि कधीकधी अडीच मीटरांहूनही लांब होतो. श्रोत्यांनी तो डोळ्यांपुढे आणावा: हस्तिदंतासारखा पिवळसर, मुळाशी पोकळ, टोकाशी झिजून गुळगुळीत झालेला आणि दोरखंडासारखा एकाच दिशेने पिळलेला. मध्ययुगीन युरोपात हाच दात एकशिंग्याचे, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेल्या घोड्यासारख्या कल्पित प्राण्याचे, शिंग म्हणून विकला जात असे.

या समजुतीचे मूळ भारताच्या नावाशी येऊन ठेपते. इ.स.पू. 400 च्या सुमारास, इराणी दरबारात वैद्यकी केलेल्या क्टेसियस या ग्रीक लेखकाने असे लिहिले, की भारतातील रानगाढवांच्या कपाळी एक शिंग असते आणि त्याच्या पेल्यातून पिणाऱ्यास विष बाधत नाही. गेंड्याविषयीच्या ऐकीव माहितीची त्यात सरमिसळ झाली असावी. त्याने वर्णिलेले शिंग मात्र जेमतेम हातभर आणि पांढरे, काळे व लाल अशा तीन रंगांचे होते. पिळाचा त्यात मागमूसही नाही. पीळ आला तो बाजारातून, कारण उत्तरेकडचे दात दक्षिणेत पोहोचू लागल्यावर चित्रांतला एकशिंगीही पिळाचे शिंग मिरवू लागला.

विषप्रयोगाच्या धास्तीत वावरणाऱ्या राजघराण्यांनी या शिंगांसाठी मागितली ती किंमत मोजली, फ्रान्सच्या दरबारात त्याचा तुकडा राजाच्या पेयात बुडवला जाई, आणि व्हिएन्नात आजही असलेले 243 सेंटिमीटरांचे शिंग हॅब्सबर्ग घराण्याने 1564 साली कधीही न विकण्याची वंशपरंपरागत ठेव ठरवले.

कोपनहेगनचा वैद्य ओले वर्म याने 1638 मध्ये कवटीसकट दात दाखवून हे शिंग नव्हेच, हे सिद्ध केले. नवल असे, की त्यानंतरच त्याच शहरात राजा तिसरा फ्रेडरिक याने या दातांनी मढवलेले सिंहासन घडवण्याचा हुकूम दिला, आणि 1671 पासून 1840 पर्यंत डेन्मार्कच्या राजांचा अभिषेक त्यावरच होत राहिला. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली या प्राण्याला दिलेल्या ‘मोनोडॉन मोनोसेरॉस’ या शास्त्रीय नावातही ‘एकदंत’ आणि ‘एकशिंगी’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदत आहेत.