सायकलची वाट



मी अडतीस वर्षे सायकलवर शाळेत गेलो. वाट महामार्गावरची. मागून ट्रक आला, की मी सायकलसकट मातीत उतरायचो. बाभळीचे काटे टायरात मोडायचे. पण जीव वाचायचा.

पुढे रस्ता रुंद झाला. कडेला सायकलवाल्यांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी एक पट्टी सुटली. दूधवाले, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, शाळेच्या पोरी सगळे तिच्यावरून जाऊ लागले. आता म्हणतात, ती पट्टी काढून मोटारींना देऊ.

अशी वाट सहज मिळत नाही बरं. जळगावचेच पाहा. धुळ्याहून नागपूरकडे जाणारा महामार्ग जळगाव शहरातूनच गेलेला. त्यावर कितीतरी माणसे दगावली. लोकांनी महामार्गाच्या कडेने समांतर रस्ते मागितले. जवळच जाणाऱ्याने ट्रकांच्या गर्दीत का शिरावे? त्यासाठी २०१८ साली लोकांनी आंदोलन केले.

आणि मिळालेली वाटही जाते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल हा मोठ्या कचेऱ्यांचा भाग आहे. तिथे २०११ च्या सुमारास सायकलींसाठी वेगळी वाट बांधली. तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. सायकलवाले फिरकेनात. २०२५ साली ठरले, की वाट काढायची आणि मोटारींचा रस्ता वाढवायचा. का, तर ती कोणी वापरत नाही! देवळाच्या दारात गाडे लावायचे आणि म्हणायचे, दर्शनाला कोणी येत नाही. तशातली गत.

हॉलंड देशात लोक गप्प बसले नाहीत. तिथे १९७१ साली एका वर्षात चारशेहून जास्त मुले रस्त्यावर मेली. आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांसह रस्ते अडवले. वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. आज त्या देशात गावोगाव सायकलींच्या वाटा आहेत.

आमच्या साक्षरता वर्गात हे मी सांगितले. एक आजी म्हणाली, "गुरुजी, मला अजून धड लिहिता येत नाही. पण रेघ तर मारता येते ना?"

मग काय! तीन दिवस सकाळी आम्ही फाट्यावर निंबाखाली बसलो. एक सायकल गेली, की एक रेघ. वहीची चार पाने भरली. तेव्हा दिसले, की पट्टीवर ट्रॅक्टर उभे असतात. त्यातला एक माझ्या पुतण्याचा! त्याला म्हटले, "भाऊ, आधी तुझा काढ, मग मी अर्ज लिहितो." दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर हलवला.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. सोबत रेघांची पाने जोडली. वर्गातल्या सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठा एकही नाही. एक प्रत कचेरीत दिली, दुसरीवर पोच म्हणून शिक्का घेतला. हा शिक्का विसरू नका. पोच नसेल, तर कचेरीत अर्ज सापडत नाही.

उत्तर अजून आलेले नाही. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. तिथे अर्ज मी वाचणार नाही. आजी वाचणार आहे. 'महामार्ग' या शब्दाशी ती अजून अडखळते. रोज संध्याकाळी तिचा सराव चालू आहे.