आईच्या हाताच्या अंतरावर

बाळासाठी कॉट कोणती घ्यावी, हा काही व्याख्यानाचा विषय झाला का, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते साहजिक आहे. दुकानदाराला विचारावं, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, झालं. पण आपल्या भाषेनं बाळाच्या झोपण्याच्या साधनाला केवढा मान दिलाय पाहा. घरात मूल जन्मलं की पाळणा हलला म्हणायचं. दुसऱ्याची घाई नसली की पाळणा लांबवायचा. मूल होत नसलं की देवीच्या दारी इवलासा लाकडी पाळणा बांधायचा. बारशाला म्हणतात ते गाणंही पाळणाच, आणि रामनवमीला भर दुपारी नाशिकच्या काळाराम मंदिरात रामजन्म होतो तोही पाळण्यातच. एवढ्या कौतुकात एक साधी गोष्ट नजरेआड होते: पाळणा हे दिवसाचं साधन आहे. तो हलवायला कुणीतरी जागं लागतं. रात्री निजानीज झाली की बहुतेक घरांत मूल पाळण्यातून निघून बाळंतिणीच्या बाजेवर यायचं. हल्ली पलंगाला लावायची जी कॉट मिळते, तीन बाजूंनी उंच आणि चौथी बाजू आईकडे खाली येणारी, ती पाळण्याची वारस आहे असं समजून आपण ती निवडतो: रंग, झालर, बारशाच्या फोटोत कशी दिसेल. खरं तर ती बाजेच्या जागी आली आहे. रात्री दोन वाजता, अंधारात, पोटावरचे टाके ओढत असताना आईचा हात कुठवर पोचतो, या मापानं ती घ्यायला हवी. आज मला मांडायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं या मापातून निघतं.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. आईची कूस असताना मध्ये कॉट कशाला? आमच्या आज्या-पणज्यांनी आठ-आठ, दहा-दहा मुलं कुशीत घेऊनच वाढवली. खरं आहे, पण हे सांगताना ती बाज कशी होती हे आठवत नाही. सुंभानं नाहीतर नवारीनं ताणून विणलेली, वर एखादी गोधडी. तिच्यावर बाळ रुतत नव्हतं. बाजेवर बाळंतीण एकटी असायची. नवरा त्या खोलीत नसायचा, बहुधा त्या गावातही नसायचा, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. खाली जमिनीवर अंथरूण टाकून आई, मावशी, आत्या यांपैकी कुणीतरी अर्धवट जागी. पाचवीची रात्र तर जागवायचीच. त्या रात्री सटवाई कपाळावर लेख लिहायला येते. श्रद्धा घटकाभर बाजूला ठेवली तरी नव्या जिवाला रात्र जड असते, ही जाण त्या जागरणात आहेच. आजच्या पलंगावर काय असतं? सहा इंची फोमची गादी, दोन मोठी माणसं, जाड ब्लँकेट, चार उशा, आणि उशाशी चार्जिंगला लावलेला मोबाइल. आजीच्या कुशीची साक्ष या पलंगासाठी काढता येत नाही. शिवाय त्या आठ-दहांतली जी दोन-तीन दगावली ती कशानं दगावली, हे कुणी लिहून ठेवलं? रात्री चांगलं प्यायलं होतं, सकाळी उठलंच नाही, एवढंच मागे राहायचं.

ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्याकडे पाहू. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या पीटर फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत दगावलेल्या बाळांची नीट पाहणी केली, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या: पालथं झोपवणं आणि फार गुंडाळणं. 1991 च्या अखेरीस तिथे बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही. फक्त झोपवायची रीत बदलली. अमेरिकेनं 1994 मध्ये तीच मोहीम घेतली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 मध्ये दिलेल्या सूचना सोप्या आहेत: उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, जवळ काही मऊ न ठेवता, किमान पहिले सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर. यातला सपाट हा शब्द नुसता वाचून सोडू नका. तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान लेची. अंथरूण उतरतं किंवा खोलगट असलं की हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट दुमडते. म्हणूनच अमेरिकेत 2019 मध्ये एका बड्या कंपनीला सुमारे 47 लाख उतरते झोपाळे बाजारातून परत घ्यावे लागले, आणि 2022 मध्ये 10 अंशांहून जास्त उताराच्या अशा साधनांवर कायद्यानंच बंदी आली. आपली साडीची झोळीही याच हिशेबात बसते. दिवसा, डोळ्यांसमोर, बाळ किरकिरत असताना झोळी हलवणं वेगळं. रात्रभर बाळ तिच्यात ठेवून आपण झोपणं वेगळं. झोळीला वाईट म्हणायचं कारण नाही, ती जागत्या माणसाची वस्तू आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो अंगावर पाजण्याच्या बाजूनं येतो. बाळ कुशीत असलं की दूध वारंवार पाजलं जातं, आई उठत नाही, दूध टिकतं. मग बाळाला वेगळं काढायचंच कशाला? इथे एक छोटा पण चांगला प्रयोग सांगायला हवा. डरहम विद्यापीठाच्या हेलन बॉल यांनी न्यूकॅसलच्या एका प्रसूतिगृहात आयांचे तीन गट केले: बाळ आईच्या पलंगावर, बाळ पलंगाला जोडलेल्या कॉटमध्ये, आणि बाळ शेजारच्या सुट्या कॉटमध्ये. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले. पलंगावरची आणि जोडलेल्या कॉटमधली बाळं सुट्या कॉटमधल्यांपेक्षा जास्त वेळा प्यायली. म्हणजे दुधाला लागते ती जवळीक, आणि ती एका अंथरुणावर निजल्यानंच मिळते असं नाही. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांनी हाच तिढा आपल्या पद्धतीनं सोडवला. मूल शेजारी घेऊन झोपणं त्यांच्या रीतीत मुरलेलं. नुसतं 'नका झोपू' म्हणून भागेना. तेव्हा 2006 च्या सुमारास तिथल्या विणकर बायका आणि डॉक्टरांनी मिळून स्थानिक अंबाडीसारख्या पातीची एक सपाट टोपली विणायला घेतली. तिचं नाव वाहाकुरा. टोपली आईबापांच्या पलंगावरच ठेवायची, बाळ टोपलीत. रीत मोडली नाही आणि बाळाला आपली जागा मिळाली. मला ही गोष्ट कुठल्याही महागड्या कॉटपेक्षा शिकवणारी वाटते.

आता दुकानात जाऊ. जोडायची कॉट पाहताना बहुतेक जण लाकूड ठोकून पाहतात. आधी स्वतःच्या पलंगाखाली वाकून पाहावं. या कॉटचे पाय पलंगाखाली सरकतात, तेव्हाच ती चिकटून बसते. आपल्याकडे हल्ली बॉक्सचे पलंग, प्लायवुड थेट जमिनीपर्यंत. पायाला जागाच नाही, मग कॉट चार बोटं लांब राहते आणि नेमकी ती फट धोक्याची असते. बॉक्सचा पलंग असेल तर आत पाय न घालता पट्ट्यानं आवळता येणारी कॉट शोधावी, नाहीतर गादी जमिनीवर घ्यावी. कॉट पट्ट्यानं पलंगाला पक्की बांधायची, सुतळीनं नाही. दोन्ही गाद्यांची उंची जुळवायची. खाली आणलेल्या बाजूलाही थोडी आड हवी. युरोपच्या 2019 च्या मानकात ती किमान 12 सेंटीमीटर सांगितली आहे, म्हणजे आईचा हात जातो पण ब्लँकेट घरंगळत येत नाही. कॉटची गादी आणि कड यांच्यामध्ये दोन बोटंही जाऊ नयेत. दांड्यांमधलं अंतर सहा सेंटीमीटरच्या आत. आणि गादी दाबून पाहायची: हात काढल्यावर खळगा राहिला तर ती गादी मोठ्यांच्या कमरेला ठीक, बाळाला नाही.

आत काहीही ठेवायचं नाही, हे मात्र आपल्याला सर्वांत जड जातं. मोहरीची उशी, दोन बाजूंचे लोड, वेखंडाची पुरचुंडी, उशाखाली सुरी. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. त्यासाठी दिवसा, जागेपणी, समोर बसून बाळाला थोडं पालथं घालावं, मानेलाही बळ येतं. दृष्टीसाठी काही बांधायचंच तर भिंतीला बांधा. थंडीचा मुद्दा खोटा नाही. निफाड-दिंडोरी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत काय गारठा पडतो ते द्राक्षबागायतदार सांगतील. पण ऊब अंगावरच्या कपड्यांनी द्यावी, सैल पांघरुणानं नको. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्याहून एक थर जास्त. नुकत्याच जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाला आई जागी असताना छातीशी उघड्या अंगानं धरणं उत्तमच. बाजेखालची शेगडी मात्र नव्या घरात आणू नका. कौलारू घरातून धूर आणि कोळशाची विषारी हवा निघून जायची. स्लॅबच्या बंद खोलीत ती कोंडते, आणि फोम पेट घेतो ते वेगळंच. मच्छरदाणी हवीच, पण ताणलेली. ओघात आणखी एक. ज्या घरात विडी-सिगारेट ओढली जाते, किंवा रात्री दारू पिऊन कुणी पलंगावर येतो, तिथे बाळाला त्या पलंगावर घेणं सर्वांत घातक. मिश्रीही निरुपद्रवी नाही: मुंबईतल्या सुमारे 1,200 गर्भवतींच्या 2004 मध्ये छापलेल्या पाहणीत तंबाखू तोंडात धरणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी निघाली, आणि हलक्या बाळाला हे सगळे धोके जास्त.

एक हिशेब कुणी करत नाही. मुलीचं सासर नाशिकला किंवा पुण्याला. कॉट तिथे फ्लॅटमध्ये जोडून तयार. बाळ-बाळंतीण मात्र सव्वा महिना, कधी तीन महिने इथे वणीत, माहेरी. झोपेतल्या मृत्यूंचा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त, आणि टाक्यांचा त्रास त्याच्याही आधी. कॉट हवी तेव्हा ती दुसऱ्या गावात असते. माहेरी वेगळी खरेदी करा असं माझं म्हणणं नाही. असलेली आधी इकडे आणा. आशा सेविका दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. ही घरभेटीची पद्धत गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं उभी केली. 1999 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापले गेले तेव्हा तिथल्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले होते. आशा वजन-तापमान पाहते, त्याच भेटीत तिला बाळाचं रात्रीचं अंथरूणही दाखवा.

शेवटचा आक्षेप पैशाचा. सहा महिन्यांच्या वस्तूला एवढा खर्च? बाळ हातागुडघ्यांवर उठू लागलं की ही कॉट बंदच करायची असते, तेव्हा शंका रास्त आहे. मागून आणा, पण स्क्रू आणि कुलपं तपासा, गादी नवी घाला. सुताराकडून साधी चौकट करून घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीवर झोपणाऱ्यांना तर पलंगही नको आणि कॉटही नको: आईची गोधडी, शेजारी बाळाची वेगळी घट्ट गोधडी, मध्ये हातभर जागा. सुरगाणा-पेठहून द्राक्षबागांत छाटणीला येणाऱ्या बाईला कुणी कॉट विकू शकत नाही. तिचं बाळ बागेत झाडाला बांधलेल्या झोळीत असतं आणि रात्री खोपीत तिच्या कुशीत. पण आपल्याकडे बुरूड आहेत. नवजात बाळाला सुपात ठेवायची रीतही आपल्याकडे आहे, म्हणजे बांबूवर बाळ निजवणं नवं नाही. सपाट तळाची, वीतभर काठाची, आत जाड गोधडी घातलेली पाटी विणून घ्यायला किती लागेल? दिवसा ती बांधावर सावलीत राहील, रात्री तिच्या हाताशी.