परवाना आणि अमानत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मुलगा पुढे कोण होणार असे विचारले, की आपण हुद्द्याचे नाव सांगतो. डॉक्टर, इंजिनियर, आणि अलीकडे पायलटसुद्धा. हुद्दा मिळाल्यावर त्याच्या कामाचा दर्जा कोण राखणार, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज त्याच प्रश्नावर मी बोलणार आहे, आणि त्यासाठी वैमानिकांच्या एका संस्थेची हकीकत आपणांपुढे ठेवणार आहे.

१९२९ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये वैमानिक आणि विमानाचा मार्ग आखणारे नॅव्हिगेटर यांनी आपला एक गिल्ड स्थापन केला. गिल्ड म्हणजे एकाच हुन्नराच्या माणसांचा संघ. दर्यावर्दी कप्तानांनी तेथे १९२६ सालीच अशी संस्था काढली होती. आपल्या कोकणातील कित्येक घराण्यांत सारंग आणि तांडेल होऊन गेले. समुद्रावर जबाबदार माणसाच्या शब्दाला किती वजन असते, हे त्या घरांना सांगावयास नको. आकाशातही तसेच वजन यावे, ही या मंडळींची इच्छा होती.

गिल्डचे पहिले प्रमुख, म्हणजे ‘मास्टर’, सर सेफ्टन ब्रँकर. १९२२ पासून ते ब्रिटनच्या नागरी विमान खात्याचे संचालक होते. त्यांचा आपल्या मुलखाशीही संबंध आला होता. लष्करी अधिकारी म्हणून हिंदुस्थानात असताना, १९११ साली त्या वेळच्या औरंगाबादजवळ झालेल्या घोडदळाच्या सरावात त्यांनी विमानातून टेहळणी केली. पुढे १९२४-२५ मध्ये ॲलन कोभम यांच्या विमानातून ते रंगूनपर्यंत जाऊन आले.

या नव्या नेतृत्वापुढचा बेत साधा होता. वैमानिकी हा एक प्रतिष्ठित पेशा व्हावा. त्यात येणाऱ्यांचे शिक्षण आणि कौशल्य वाढावे. वैमानिक व नॅव्हिगेटर यांनी अनुभव एकमेकांस सांगावा. सरकारला आणि कंपन्यांना जाणत्या माणसांचा सल्ला मिळावा. पगारवाढीसाठी झगडणारी ही संघटना नव्हती. त्या कामासाठी ब्रिटिश वैमानिकांची वेगळी युनियन १९३७ साली निघाली. गिल्डचे काम हुन्नराची अब्रू राखण्याचे होते.

मित्रहो, या बेताची कसोटी फार लवकर लागली. ब्रिटिश सरकारने आर १०१ नावाचे प्रचंड हवाई जहाज बांधले होते. ते इंग्लंडहून कराचीला जावयाचे होते. विमानमंत्री लॉर्ड थॉमसन यांना त्यातून हिंदुस्थानची फेरी करून लंडनच्या साम्राज्य परिषदेसाठी वेळेवर परतावयाचे होते. जहाजात नुकतेच मोठे फेरबदल झाले होते, आणि त्यानंतर पूर्ण वेगाची चाचणी झालीच नव्हती. तरीही उड्डाणयोग्यतेचा दाखला देण्यात आला. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी जहाज निघाले, आणि त्याच रात्री फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ वादळी हवेत कोसळून पेटले. ५४ पैकी ४८ माणसे दगावली. त्यांत लॉर्ड थॉमसन होते, ब्रँकर होते, आणि गिल्डच्या संस्थापकांपैकी एक, जहाजाचे नॅव्हिगेटर जॉन्स्टन हेही होते.

चौकशीचे प्रमुख होते सर जॉन सायमन, ज्यांच्या कमिशनला आपल्या देशाने काळे झेंडे दाखविले तेच. सार्वजनिक धोरणाची निकड नसती तर जहाज त्या संध्याकाळी निघालेच नसते, असा त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष होता. घाई तारखेची होती. विमानविद्येला त्या तारखेशी काही कर्तव्य नव्हते. दाखला कागदावर पुरा होता, काम मात्र अपुरे होते.

एका वर्षात मास्टर आणि संस्थापक दोघेही गेले, तरी गिल्ड मोडला नाही. जॉन्स्टन यांच्या स्मरणार्थ उत्तम दिशादर्शनासाठी ट्रॉफी ठेवण्यात आली आणि ती प्रथम फ्रान्सिस चिचेस्टर यांना मिळाली. संस्था आजही आहे. २०१४ साली तिला शाही सनदेने ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एअर पायलट्स’ हे नाव मिळाले. उमेदवारांना उड्डाण शिकण्यासाठी ती शिष्यवृत्त्या देते.

त्याच १९३० सालचा आणखी एक दाखला देतो. अलीगढच्या विद्यापीठासाठी निधी जमविणाऱ्या आगाखान यांनी, इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्याने उडून करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. वाटेत इजिप्तमध्ये अस्पी इंजिनियर यांचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले. तेथे भेटले त्यांचेच प्रतिस्पर्धी जे. आर. डी. टाटा. त्यांनी प्लग दिला. बक्षीस अस्पींना मिळाले. पेशाचा सन्मान यालाच म्हणतात.

पालकहो, आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी कोणी जमीन विकतो, कोणी दागिने मोडतो. मुलाला आवड आणि कुवत असेल तर अवश्य पाठवा. विमानाची देखभाल करणारा अभियंता आणि हवाई वाहतूक नियंत्रक हे मार्गही पारखून पाहा. पण परवाना ही मालमत्ता नाही, ती अमानत आहे. जो विद्यार्थी परीक्षेत कॉपी करतो, तो चाचणी न झालेल्या जहाजाचा दाखला मिळवतो. आज त्यात बसणारा तो एकटा आहे. उद्या त्याच्या भरवशावर इतर लोक बसतील.

म्हणून संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. आपले माजी विद्यार्थी वायरमन आहेत, फिटर आहेत, परिचारिका आहेत, जहाजांवर आणि आखाती देशांत कामाला आहेत. त्यांचे हुन्नरवार मंडळ काढावे. गावी असतील त्यांनी महिन्यातून एकदा जमावे, परदेशी असतील त्यांनी सुट्टीवर आल्यावर दोन तास द्यावेत. नवशिक्याचे काम जुन्याने तपासावे, आणि न तपासलेल्या कामावर कोणीही सही करू नये, एवढा एकच नियम असावा. यासाठी इमारत नको, देणगी नको. नियत साफ हवी.

विद्यार्थी मित्रांनो, वरिष्ठ घाई करीत असताना “साहेब, अजून तपासणी झालेली नाही” असे अदबीने पण ठामपणे म्हणता येणे, हे मोठे शिक्षण आहे. त्याची सुरुवात आपल्या वर्गातच होऊ शकते.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो आणि त्याची अमानत सांभाळण्याची ताकदही देवो. आमीन.