पायवाट निर्धास्त होईल तेव्हा

(चंद्रपूर येथील शारदीय व्याख्यानमालेत २१ ऑक्टोबर रोजी दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला 'सैनिक, शौर्य आणि सुरक्षा' हा विषय दिला, आणि तारीख दिली आजची. २१ ऑक्टोबर म्हटल्यावर मला वेगळी प्रस्तावना शोधावी लागली नाही. ही तारीख या शहराच्या उरात रुतलेली आहे.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथल्या तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळावर वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला हा तरुण. वय अवघं पंचवीस. त्याने गोंड-माडिया तरुणांचं जंगोम दल उभारलं, या भागातलं राजगड ताब्यात घेतलं आणि नांदगाव-घोसरीच्या लढाईत इंग्रजी फौजेला टक्कर दिली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्याच्या सोबतीला आले. समोर कवायती फौज आणि चांगल्या बंदुका होत्या. बाबुरावांजवळ काय होतं? प्रत्येक नाला, प्रत्येक टेकडी, प्रत्येक पायवाट माहीत असलेली माणसं होती.

त्यानंतर बरोबर १०१ वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९५९ रोजी, लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याने आपल्या पोलिसांच्या तुकडीवर गोळीबार केला. आदल्या दिवशी गस्तीला गेलेले दोन शिपाई आणि एक हमाल परतले नव्हते. त्यांच्या शोधात करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली ही तुकडी निघाली होती. दहा जवान तिथे धारातीर्थी पडले. तिबेटला लागून असलेली ती सीमा त्या काळी पोलीस राखत होते. त्यांच्या स्मरणार्थ आजचा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. आज सकाळी गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात शहिदांना मानवंदना दिली गेली, ती याच परंपरेतली.

हिमालयातलं बर्फाळ पठार आणि आपलं साग-बांबूचं रान यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. मला तो चालण्यात दिसतो. हॉट स्प्रिंग्जची तुकडी हरवलेल्या सोबत्यांना शोधायला चालत गेली. बाबुरावांची पोरं चालत लढली. आणि गेली चार दशकं आपल्या जिल्ह्यांत जे लढले, तेही मुख्यतः चालले.

१९८० च्या सुमारास प्राणहिता ओलांडून नक्षल दलं सिरोंच्याच्या बाजूने या जंगलात शिरली. तेंदूपत्त्याची मजुरी नगण्य होती, जंगल खात्याचा जाच होता, सरकार नावाची गोष्ट बऱ्याच पाड्यांनी पाहिलेलीच नव्हती. त्या रागात दलमला, म्हणजे या सशस्त्र नक्षल दलांना, जागा मिळाली, हे कबूल केल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचं एक पथक उभं केलं. त्यालाच आपण सी-६० म्हणतो. बाहेरून आलेली तुकडी या रानात आंधळी ठरते, म्हणून त्यांनी इथलीच मुलं घेतली. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याची मुलं. माडिया आणि गोंडी बोलणारी. कुठला नाला भाद्रपदात उतार देतो आणि कुठला देत नाही, हे ठाऊक असलेली.

या जवानांचा पहिला धडा ऐका. पायवाटेवर पाय ठेवायचा नाही. पायवाट सोपी असते, म्हणूनच भूसुरुंग तिथे पुरलेला असतो. काटेरी झुडपातून, दगडांवरून, नाल्याच्या काठाने स्वतःची वाट काढत जायचं. पाठीवर दाणापाणी, हातात शस्त्र, डोक्यावर पाऊस, अंगात कधी मलेरियाचा ताप. शौर्य म्हटलं की गोळीबाराचा क्षण आपल्या डोळ्यांसमोर येतो. चकमक काही मिनिटांत वा तासांत संपते. त्याआधीचे तीन-चार दिवस जो माणूस न बोलता, न खोकता, ओल्या कपड्यांत चालतो, त्याचं धैर्य आपल्या कल्पनेत येत नाही.

आणि हा धडा एक दिवस मोडला तर काय होतं, तेही या मातीने पाहिलं. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ रात्री रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली. तिकडे निघालेल्या जवानांची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक, सोळा जीव गेले. त्याआधी २००९ हे एकच वर्ष आठवा. फेब्रुवारीत मरकेगाव, १५ शहीद. मे महिन्यात हत्तीगोटा, १६ शहीद, त्यांत महिला पोलीसही होत्या. ८ ऑक्टोबरला लाहेरी, १७ शहीद, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरलेले असताना. हे आकडे मी घाईने वाचू शकत नाही. कारण यातली बहुतेक घरं आपल्या आसपासची आहेत.

सीमेवर शत्रू गणवेशावरून ओळखता येतो. इथे समोरचाही बहुधा माडियाच असतो. एकाच गोटूलमध्ये, म्हणजे गावातल्या तरुणांच्या सामूहिक घरात, नाचलेल्या दोन पोरांपैकी एक पोलिसात भरती झाला आणि दुसरा दलमबरोबर गेला, असं या भागात घडलेलं आहे. म्हणून इथल्या जवानाला दुहेरी धैर्य लागतं. गोळी झाडायचं एक, आणि न झाडायचं दुसरं. झुडपात हालचाल दिसली, ती मोह वेचणारी बाई असू शकते. बोट चापावर असताना तो एक श्वास थांबणं, याला कुठलं पदक आहे मला माहीत नाही. पण ज्या गावात जवान असा थांबला, त्या गावाने ते लक्षात ठेवलं. आणि जिथे तो थांबला नाही, तिथल्या माणसांनीही ते विसरलेलं नाही. दोन्ही गोष्टी याच व्यासपीठावरून सांगणं माझं कर्तव्य आहे.

मग गावकऱ्याच्या धैर्याचं काय? रात्री बंदूक दाखवून दलमने भात मागितला, तो दिला म्हणून दुसऱ्या दिवशी पोलिसांची चौकशी. पोलिसांना वाट दाखवली म्हणून खबऱ्याचा शिक्का, आणि मग एक दिवस रस्त्यावर प्रेत अन् शेजारी चिठ्ठी. पाटील, गायता, पोलीस पाटील, साधे शेतकरी असे कितीतरी गेले. त्यांना गणवेश नव्हता, शस्त्र नव्हतं, मानवंदनाही मिळाली नाही. रणांगणावरचं शौर्य मोजताना आपण त्यांना सोडून देऊ नये.

लढाईत माणुसकी कशी राखायची, या प्रश्नाशी जग अपरिचित नाही. बाबुरावांच्या फाशीनंतर आठच महिन्यांनी, जून १८५९ मध्ये, इटलीतल्या सोल्फेरिनोच्या रणांगणावर आंरी द्युनाँ या स्विस गृहस्थाने हजारो जखमी विव्हळताना पाहिले. त्या वेदनेतून रेडक्रॉस आणि पुढे १८६४ चा जिनिव्हा करार जन्मला. १९४९ च्या जिनिव्हा करारांतलं तिसरं कलम देशांतर्गत सशस्त्र संघर्षालाही लागू होतं. ज्याने शस्त्र खाली ठेवलं, जो जखमी होऊन पडला, त्याला माणूस म्हणून वागवलंच पाहिजे, असं ते सांगतं. भारताने हे करार स्वीकारले आहेत. शिस्तबद्ध शिपाई आणि टोळी यांत हाच फरक असतो.

अशा शिपाईगिरीचं एक उदाहरण म्हणजे हेमंत करकरे. त्यांचं नाव आपण मुंबईशी जोडतो. सीमेपलीकडून आलेल्या दहशतवाद्यांशी लढताना २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते गेले, आणि त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पण हा माणूस आपल्या चंद्रपुरात पोलीस अधीक्षक होता. इथल्या जंगलात फिरताना मिळालेल्या वाळक्या लाकडांतून ते शिल्पं घडवत. जो माणूस पडलेल्या लाकडात आकार शोधतो, तो माणसाकडेही सहज निशाण म्हणून पाहत नसावा, असं मला वाटतं.

आता आजच्या घडीकडे येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात मोठी चकमक झाली आणि नक्षल चळवळीचं लष्करी बळ खचलं. १ जानेवारी २०२५ रोजी माओवादी नेत्या तारक्काने आत्मसमर्पण केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा पती, माओवाद्यांच्या केंद्रीय नेतृत्वातला मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती, साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवून बाहेर आला. चार दशकांच्या लढाईतला हा फार मोठा दिवस होता.

पण शस्त्र खाली ठेवल्यावर काय, याची उत्तरं इतर देशांनी महाग किमतीत मिळवली आहेत. शेजारच्या नेपाळमध्ये २००६ च्या शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने १९,६०२ माओवादी लढवय्यांची नोंद पडताळली. त्यांतले चौदाशेच्या आसपास अखेर नेपाळी सैन्यात गेले. बाकीचे बहुतेक रोख रक्कम घेऊन वाटेला लागले. कोलंबियात २०१६ मध्ये करार झाला, आणि त्यानंतर शस्त्र सोडलेल्या शेकडो जणांना कुणीतरी गाठून मारलं. सोडून दिलेल्या वाटेवरून परत येणारा माणूस सर्वांत जास्त असुरक्षित असतो. आपल्याकडे आत्मसमर्पित तरुणाला घर, काम आणि संरक्षण मिळालं, तरच त्याच्या मागचा दुसरा बाहेर येईल. त्याच वेळी ज्यांच्या घरातला माणूस दलमने मारला, त्यांच्या दारातही सरकार पोचलं पाहिजे. नाहीतर गावात नवी तेढ उभी राहील.

बंदुकीशिवाय सुरक्षा कशी उभी राहते, याचा धडा घ्यायला आपल्याला परदेशी जायला नको. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा घ्या. देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेने सर्वसंमतीने निर्णय घेण्याची रीत वर्षानुवर्षं जपली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. ज्या गावाचा आपल्या जंगलावर हक्क आहे, त्या गावाला कुणाच्या दलमची गरज का वाटावी? हीच कसोटी खाणींनाही लागते. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आज रस्त्यावर धावतात. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला विचारून, त्याचा वाटा देऊन हे होत असेल, तर शांतता टिकेल. न विचारता होत असेल, तर चाळीस वर्षांपूर्वीचा राग पुन्हा रुजायला वेळ लागणार नाही.

बदलाची एक खूण सांगतो. १ जानेवारी २०२५ ला अहेरीहून गर्देवाड्यापर्यंत स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी गेली. ज्या रस्त्याने गाडीतून जायचं धाडस जवानही करत नसत, त्या बाजूला तिकीट काढून म्हातारी दवाखान्यात जाऊ लागली.

मित्रहो, सुरक्षेची माझी व्याख्या एवढीच आहे. जवानाने पायवाट टाळली, म्हणून तो जगला. आता ती पायवाट निर्धास्त झाली पाहिजे. शाळेत जाणारी पोर, मोह वेचणारी आई, रजेवर घरी येणारा सी-६० चा जवान आणि दलममधून परतलेला त्याचा चुलतभाऊ, हे सगळे तिच्यावरून खाली न बघता चालतील, तेव्हा मरकेगाव, हत्तीगोटा, लाहेरी आणि जांभुळखेड्याला गेलेल्यांचं ऋण काही अंशी फिटेल. ते काम जवानाचं एकट्याचं नाही. ते तुमचं-माझं, ग्रामसभेचं, शाळेचं, दवाखान्याचं आणि सरकारचं आहे.

आज घरी जाताना तुरुंगाजवळच्या पिंपळाशी क्षणभर थांबा. बाबुरावांचं स्मरण करा, आणि त्यांच्याच भाषेत बोलत, त्यांच्याच रानात चालत गेलेल्या आपल्या पोरांचंही.

जोहार.